पॅरालिसिसनंतर घरचा व्यायाम: खांदा दुखतो, मूठ वळतेय, पाऊल घासतं. नेमकं काय आणि किती करावं?

वारणाकाठ

नमस्कार. आईला (वय ६४) सात आठवड्यांपूर्वी मेंदूच्या उजव्या भागात गुठळी अडकून स्ट्रोक झाला, डावी बाजू गेली. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. गोळ्या आणि रक्त पातळ ठेवणारं औषध नियमित चालू आहे. आता ती घरी आहे. फिजिओ आठवड्यातून तीनदा पाऊण तास येतात, मधल्या वेळात घरचेच करून घेतात.

आजची स्थिती: खाटेवर टेकूशिवाय बसते. एकाने धरलं तर उभी राहते, पाच-सहा पावलं टाकते. डावा चवडा जमिनीला घासतो आणि त्या पायावर वजन आलं की गुडघा मागे झटका खाऊन ताठ होतो. खांदा उचकवता येतो, कोपर थोडं वाकतं, बोटं अजिबात उघडत नाहीत, उलट मूठ वळत चाललीय. खांद्याच्या टोकाखाली एक बोट बसेल एवढी खाच पडलीय आणि रात्री खांदा ठणकतो. बोलणं स्वच्छ आहे, पण ताटात डावीकडची भाजी तशीच राहते.

प्रश्न असे:
१) हात डोक्यावर नेण्यासाठी दारावर कप्पी-दोरी लावा असं एकाने सुचवलंय. लावावी का?
२) मऊ बॉल दाबायला दिलाय. मूठ वळत असताना तो चालू ठेवायचा का?
३) पायाला एएफओ पट्टा (घोटा आणि पाऊल सावरून धरणारा प्लास्टिकचा आधार) हवाच का? तयार मिळतो तो चालेल की मापाचा करावा? घरात आम्ही चपला घालत नाही.
४) एक जण म्हणतो थकवू नका, दुसरा म्हणतो जितकं जास्त तितकं चांगलं. किती करायचं?
५) संडास देशी आहे.

न्यूरोफिजिओ_पुणे

कप्पी नको. हे सगळ्यात आधी, कारण बाकी काही चुकलं तर वेळ जातो, इथे चुकलं तर खांदा जातो.

हात डोक्यावर नेताना एकटं दंडाचं हाड फिरत नाही. पाठीवरचं खांद्याचं पातंही बाहेर आणि वर सरकतं. ढोबळ हिशेब असा की हात १८० अंश वर गेला तर त्यातले १२० दंडाच्या सांध्यातले आणि ६० पात्याचे. शिवाय दंडाचं हाड स्वतःभोवती बाहेरच्या अंगाला वळतं, तेव्हाच त्याचा उंचवटा वरच्या हाडाच्या छताखालून निसटतो. अर्धांगवायूत पातं फिरवणारे स्नायू निपचित असतात आणि हात आत वळवणारे छातीचे स्नायू ताणलेले असतात. अशा खांद्याला चांगल्या हाताने दोरी ओढून वर नेलं की हाडाचं डोकं छतावर आदळतं आणि मधले स्नायुबंध चिमटीत सापडतात. त्यात डाव्या बाजूकडे लक्षच कमी असेल तर आईंना ‘आता पुरे’ हे वेळेवर कळणारही नाही.

त्याऐवजी: आईंना पाठीवर झोपवा. तुम्ही डाव्या बाजूला बसा. एका हाताने त्यांचं कोपर खालून पेलून धरा, दुसरा हात पाठीखाली सरकवून पात्याची आतली कड बोटांनी धरा. आधी पातं पुढे-बाहेर सरकवा, मग हात उचला, तळवा आईंच्या चेहऱ्याकडे वळलेला ठेवून. सुरुवातीला खांद्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे ९० अंशांपर्यंतच. त्यापुढे फिजिओ समोर असतील आणि पातं बरोबर फिरतंय याची त्यांनी खात्री केली असेल तरच. दिवसातून दोनदा, दहा-दहा वेळा, सावकाश. दुखायला लागलं तिथून एक पाऊल मागे यायचं. ‘थोडं दुखलं तर चालतं’ हे गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ऐकायला ठीक आहे, इथे नाही.

हात वर नेण्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो बाहेर वळता ठेवणं, कारण सगळ्यात आधी हीच हालचाल अडकते. पाठीवर झोपलेलं असताना दंड अंगापासून थोडा दूर, दंडाखाली घडी केलेला टॉवेल, कोपर ९० अंशांत, आणि पुढचा हात सहन होईल तितका बाहेरच्या बाजूला, उशीवर टेकलेला. रोज अर्धा तास असं ठेवायचं. दुपारच्या विश्रांतीत हे सहज बसतं.

खाच स्वतः नेहमी दुखत नाही. दुखतं ते ओढाताणीने. म्हणून:

काखेत हात घालून उचलायचं नाही, डावा हात धरून ओढायचं नाही. ही सूचना भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनाही द्या, कारण ‘काय म्हणतेस’ म्हणत तोच हात ओढला जातो. बसल्यावर हात मांडीवरून लोंबता नको. मांडीवर जाड उशी किंवा समोर टेबल, उंची अशी की दोन्ही खांदे एका रेषेत दिसतील. हाताला आधार देणारी गळ्यातली झोळी फक्त उभं राहताना आणि चालताना. बसल्या-झोपल्या झोळी नको, कारण ती हाताला नेमकं त्याच आकारात धरून ठेवते ज्या आकारात तो आखडू पाहतोय: दंड आत, कोपर वाकलेलं. उजव्या कुशीवर झोपताना डावा हात पुढे उशीवर, मनगट उशीबाहेर लटकता नको. डाव्या कुशीवर झोपवता येतं, पण आधी पात्याखाली हात घालून खांदा पुढे काढून घ्या, वजन खांद्याच्या टोकावर येऊ देऊ नका.

हाताची मागची बाजू सुजली, कातडी तकतकीत आणि गरम वाटली, बोटं वाकवताना कळ आली, तर तो शोल्डर-हँड सिंड्रोम असू शकतो. त्यात मालिश, शेक करत आठवडे घालवायचे नसतात, डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा. बीपीचा पट्टा आणि सलाइनची सुई शक्यतो उजव्या हाताला.

गरम पाण्याची पिशवी डाव्या बाजूला अजिबात नको. संवेदना कमी, त्यात शुगर. भाजल्याचं कळतं ते फोड आल्यावर.

करंट लावत असतील तर एक प्रश्न विचारा: स्नायू आकसताना डोळ्यांनी दिसतो का? खाच कमी करायची तर खांद्याच्या वरचा आणि मागचा स्नायू प्रत्यक्ष आकसला पाहिजे, साधारण ३० ते ४० हर्ट्झवर, आणि हाडाचं डोकं वर उचललं गेलेलं बोटाला जाणवलं पाहिजे. नुसत्या मुंग्या येणाऱ्या करंटने खाच भरत नाही. पेसमेकर असेल तर हा प्रकार नाही.

आता बॉल. बंद करा. बॉलमुळे ताठरपणा येतो असं कोणी म्हणालं तर तेही पूर्ण खरं नाही. अडचण साधी आहे: मूठ मिटणारे स्नायू आधीच जास्त काम करताहेत, उघडणारे गप्प आहेत, आणि बॉलमध्ये सराव होतो तो मिटण्याचाच. त्याऐवजी टेबलावर पातळ टॉवेल, त्यावर डावा हात, उजव्या हाताची मदत न घेता टॉवेल पुढे सरकवून समोर ठेवलेल्या पेल्याला ढकलायचं. पेला आधी १० सेंटिमीटरवर, मग लांब. खांदा उचकून किंवा कंबर पुढे टाकून ढकलत असतील तर अंतर कमी करा. कोपर सरळ होणं हे इथलं खरं काम.

मूठ उघडताना बोटांना धरून सरळ ओढू नका. आधी मनगट आतल्या बाजूला वाकवा, म्हणजे बोटांच्या दोऱ्या सैल पडतात. मग अंगठा त्याच्या मुळापासून बाहेर काढा, टोकाला धरून नाही. मग बोटं उघडा, आणि उघडलेल्या बोटांसकट मनगट हळूहळू मागे आणा. नखं बारीक ठेवा, तळवा रोज धुऊन कोरडा करा. ताण देण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: मेंदूच्या आजारात नुसतं ताणून धरल्याने आखडणं फारसं थांबत नाही, हे कॉक्रेनच्या (अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात दोन वेळा आलंय. तळवा स्वच्छ ठेवता यावा आणि कपडे घालता यावेत, एवढ्यासाठी ते करा. अर्ध्या तासाच्या वेळातली पंचवीस मिनिटं ताणण्यात घालवू नका.

हाताबद्दल खरी अपेक्षा काय ठेवायची? नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात (२०१०) दिसलं होतं की पहिल्या तीन दिवसांत बोटं थोडी उघडणाऱ्या आणि दंड बाजूला नेता येणाऱ्या पेशंटना सहा महिन्यांनी हाताचा काही ना काही वापर येण्याची शक्यता ९८ टक्के, दोन्ही नसेल तर २५, आणि नवव्या दिवशीही नसेल तर १४. सात आठवड्यांनी बोटं उघडत नाहीत, म्हणजे बारीक कामाची शक्यता कमी. पण कागद दाबून धरणं, भाकरीचं ताट अडवून ठेवणं, पिशवी मनगटावर घेणं, ही कामं करणारा, न दुखणारा हात हे मिळण्यासारखं आहे. पाय आणि चालणं मात्र याच्या बरोबरीने मोजू नका, ते बरंच पुढे जाईल.

साधाभोळा

चांगला हात दिवसभर बांधून ठेवा, आजारी हात आपोआप चालायला लागतो. परदेशात हेच करतात.

न्यूरोफिजिओ_पुणे

@साधाभोळा, ती पद्धत खरी आहे, पण या पेशंटसाठी नाही. २००६ च्या एक्साइट चाचणीत २२२ पेशंट होते, स्ट्रोक होऊन ३ ते ९ महिने झालेले. आत घेण्याची अट होती: मनगट किमान १० अंश स्वतःहून मागे जायला हवं, अंगठा आणि आणखी किमान दोन बोटंही १० अंश उघडायला हवीत. शिवाय चांगल्या हातावर जाड हातमोजा दोन आठवडे होता आणि त्याच्याबरोबर रोज तासन्‌तास शिकवणी होती. बोटंच उघडत नाहीत अशा माणसाचा चांगला हात बांधला तर तोल जाताना धरायला काहीच उरत नाही.

त्यापेक्षा आरसा वापरा. टेबलावर छातीच्या मध्यरेषेत आरसा उभा, डावा हात आरशामागे, उजवा समोर. आईंना उजव्या हाताचं प्रतिबिंब डाव्याच्या जागी दिसलं पाहिजे. दोन्ही हातांतल्या बांगड्या-अंगठ्या काढा, नाहीतर फसवणूक जमत नाही. बोटं उघड-मीट, मनगट वर-खाली, तळवा उलट-सुलट. मागचा हात जमेल तेवढं तेच करू पाहील. दिवसातून २०-३० मिनिटं, चारेक आठवडे तरी. डावीकडे बघण्याची सवय व्हायलाही याचा थोडा उपयोग होतो.

साचा_पट्टा

एएफओबद्दल. ‘पट्टा घातला की पाय आळशी होतो’ हे कोणी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो: आज पट्टा न घालता आई जी पावलं टाकताहेत त्यांत गुडघा मागे जाण्याचाच सराव होतोय. मागचे बंध एकदा सैल झाले की ते घट्ट होत नाहीत.

मेडिकलमध्ये मिळतो तो बहुधा पातळ, मागून एकच पान असलेला प्रकार. तो चवडा उचलून धरतो, बस्स. घासणारा चवडा हा एकच त्रास असता तर चालला असता. गुडघा मागे झटका खातोय, कारण पाऊल जमिनीवर टेकल्यावर घोटा खाली ढकलला जातो आणि नडगी पुढे यायच्या ऐवजी मागे राहते. हे अडवायला कडक पट्टा लागतो: एकतर अखंड, किंवा घोट्याला बिजागरी असलेला पण पाऊल खाली जाऊ न देणारा. पॉलिप्रॉपिलीनचा पत्रा ३ ते ४ मिलिमीटर, आईंच्या वजनाप्रमाणे. बिजागरी नंतर, आधी अखंड, असं माझं मत. दोन्ही करायला जाल तर साचा एकदाच घेतला असला तरी खर्च दोनदा होतो.

माप घेताना बघायच्या गोष्टी. प्लास्टरचा साचा बसलेल्या स्थितीत, गुडघा काटकोनात, टाच सरळ, घोटा ९० अंशांत. आधी गुडघा सरळ ठेवून घोटा ९० पर्यंत येतो का ते तपासायला सांगा. येत नसेल तर जबरदस्तीने ९० चा पट्टा केला की टाच पट्ट्यातून वर निघते आणि गुडघा परत मागेच जातो. अशा वेळी पाऊल थोडं खाली ठेवून टाचेखाली उंचवटा देतात, तेच बरोबर. पट्ट्याची वरची कड गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यापासून दोन बोटं खाली संपली पाहिजे. त्याला लागूनच नस जाते, ती दाबली तर पाऊल आणखी लोंबेल. घोट्यावरचा वेल्क्रो आडवा नको, तिरका हवा, टाचेला मागे-खाली दाबणारा. तीन वेल्क्रोंपैकी हा एकच खरा कामाचा.

चपला घालत नाही म्हणालात. अनवाणी पट्टा घालून फरशीवर चालणं म्हणजे पडणं. दोन मार्ग आहेत: पट्ट्याच्या तळाला खाचांचा रबरी सोल चिकटवून घ्यायचा, किंवा घरासाठी वेगळे, मागे पट्टी असलेले वेल्क्रोचे सॅंडल, डाव्या पायाचा एक-दोन नंबर मोठा. कुठलाही मार्ग घ्या, उजव्या पायातही तेवढ्याच उंचीचं काहीतरी हवं, नाहीतर डावा पाय लांब होऊन पुन्हा घासतो. देवघरासमोर अनवाणी जायचं असेल तर तिथे खुर्ची ठेवा. हा विषय पहिल्याच दिवशी बोलून घ्या, नाहीतर महिन्याभरात पट्टा कपाटावर जातो.

घालायची सुरुवात अर्ध्या तासाने. काढल्यावर टाच, दोन्ही घोटे, पावलाच्या बाहेरच्या कडेचं हाड आणि पोटरीची वरची कड पाहा. लाली २०-३० मिनिटांत गेली तर दुसऱ्या दिवशी एक तास. राहिली तर पट्टा परत करणाऱ्याकडे न्या, तो उष्णतेने तेवढी जागा फुगवून देतो. घरी गॅसवर गरम करायचं नाही. आत शिवण नसलेला सुती मोजा, कायम. शुगर आहे, तेव्हा हे रोज कोणीतरी डोळ्यांनी बघायचं.

मुंबईला येणं जमत असेल तर हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत ऑर्थोटिक्सचा (असे पट्टे बनवण्याचा) विभाग आहे. नाहीतर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात पुनर्वसन विभागात विचारा.

मोजून_मापून

‘किती’ या प्रश्नाला दोन्ही सल्लागार अर्धे बरोबर आहेत.

‘थकवू नका’ हे पहिल्या दिवसांपुरतं खरं. अ‍ॅव्हर्ट चाचणीत (२०१५, पाच देश, २१०४ पेशंट) पहिल्या २४ तासांतच वारंवार उभं करणाऱ्यांचे निकाल नेहमीच्या गटापेक्षा वाईट आले. पण तो सल्ला सातव्या आठवड्यात लागू नाही. आता अडचण उलटी आहे. २००९ च्या एका अभ्यासात प्रत्यक्ष मोजलं तेव्हा हाताच्या कामाचे सरासरी ३२ प्रयत्न एका सत्रात होत होते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतो तो दिवसाला शेकड्यांनी प्रयत्न केल्यावर. पाऊण तासात दहा मिनिटं करंट, दहा मिनिटं शेक, दहा मिनिटं झोपवून हात-पाय हलवणं असं असेल तर उभं राहण्याचे पाच-सहाच प्रयत्न होतात.

घरच्यांनी करून घेण्याबद्दलही एक मोठी भारतीय चाचणी झाली, अटेंड. १४ रुग्णालयं, १२५० पेशंट, घरच्यांना शिकवून घरी व्यायाम. २०१७ मध्ये निकाल आला: सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के, काही फरक नाही. याचा अर्थ घरी करू नका असा मी घेत नाही. ‘शिकवलंय, करतील’ एवढ्यावर भागत नाही, असा घेतो. काय, किती वेळा, पुढची पायरी कधी, हे वहीत आकड्यांत हवं, आणि फिजिओंनी दर आठवड्याला ते बदललं पाहिजे.

तुमच्या आईंसाठी एकच व्यायाम निवडायचा तर बसून उठणं. पद्धत:

खाटेची उंची मोजा. १७-१८ इंच असेल आणि ओढल्याशिवाय उठता येत नसेल तर पायांखाली लाकडी ठोकळे देऊन २०-२२ इंच करा. गादी कडक हवी, मऊ गादीत माणूस रुततो. आई अगदी कडेला, मांड्या अर्ध्या बाहेर. दोन्ही टाचा गुडघ्याच्या रेषेपासून सुमारे १० सेंटिमीटर मागे. बहुतेकांचं बिघडतं ते इथेच, पाय पुढे ठेवून उठायला सांगतात आणि मग वर ओढावं लागतं. दोन्ही हात एकमेकांत गुंफून पुढे, किंवा समोर स्टुलावर. आता नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईपर्यंत वाकायचं, आणि मग उठायचं. ‘उठ’ असं म्हणू नका, ‘पुढे ये’ म्हणा. उजवा पाय सगळं काम करत असेल तर उजवं पाऊल चार बोटं पुढे सरकवा, वजन आपोआप डाव्यावर जातं.

मदत करणारा डाव्या बाजूला, स्वतःच्या गुडघ्याने आईंचा डावा गुडघा समोरून अडवून. हात कमरेच्या रुंद पट्ट्यावर. साडीच्या निऱ्यांना किंवा दंडाला धरायचं नाही. खुर्ची वापरणार असाल तर भिंतीला टेकवून. प्लॅस्टिकची खुर्ची नको, मागे घसरते.

पाच-पाचच्या चार फेऱ्या दिवसभरात विभागून, म्हणजे २०. दर दोन-तीन दिवसांनी फेरीत एक वाढवा. सलग दहा वेळा हाताच्या मदतीशिवाय जमलं की ठोकळा काढून उंची दोन इंचांनी कमी करा. दिवसाला ५०-६० गाठणं हे मी या टप्प्यावर वाजवी समजतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कालचं निम्मंही जमत नसेल तर एक तृतीयांश कमी करा, बंद करू नका.

बसून करायचं दुसरं: हात पोचतो त्याच्या थोडं पलीकडे, डावीकडे आणि समोर, वाटी ठेवून उजव्या हाताने उचलायला लावणं. डावा तळपाय जमिनीवर दाबल्याशिवाय ती वाटी हाताला लागत नाही, आणि दाबलं जावं म्हणूनच हे करायचं.

सुरू करण्याआधी बीपी बघा. बसल्या जागी १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. शुगर ७० च्या खाली नको, रिकाम्या पोटी नको. छातीत दुखणं, भोवळ, अचानक बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं किंवा उजव्या बाजूलाही कमजोरी: थांबा आणि १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देतात, म्हणून वेळ लिहून ठेवा.

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार, कप्पी रद्द. एक राहिलं: उभं केलं की आई उजव्या हाताने खाट ढकलते आणि स्वतःला डावीकडे लोटते. सरळ करायला गेलं तर अजून जोर लावते आणि ‘मला पाडता’ म्हणते.

न्यूरोफिजिओ_पुणे

याला पुशिंग म्हणतात. हट्ट नाही, आईंच्या मेंदूतली ‘सरळ’ ही खूणच कललेली आहे, म्हणून खरं सरळ त्यांना पडल्यासारखं वाटतं. तुम्ही डावीकडून जितकं रेटाल तितकं त्या उजव्या हाताने परत रेटतील. रेटणं बंद करा. उजव्या बाजूला भिंत येईल असं उभं करा आणि ‘उजवा खांदा भिंतीला लाव’ असं सांगा. म्हणजे हालचाल त्यांची स्वतःची होते. समोर दाराची चौकट किंवा खिडकीचा गज दिसू द्या, ‘तू त्या चौकटीसारखी उभी आहेस का?’ असं विचारा. उजव्या हाताला ढकलायला काही मिळू देऊ नका. चार पायांची काठी आत्ताच दिली तर तिच्यावरही ढकलतील, हे कमी झाल्यावर द्या. बहुतेकांचं काही आठवड्यांत ते कमी होतं, पण तोवर चालण्याच्या सरावाला डावीकडे एक माणूस हवाच.

काठी देताना: उजव्या हातात, उंची मनगटाच्या घडीपर्यंत, चप्पल घालून मोजलेली. जिना चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी.

ओटी_नाशिक

ताट आणि संडास माझ्याकडे.

डावीकडचं न दिसणं दोन प्रकारचं असतं, आणि आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दृष्टीचं क्षेत्र तपासून घ्या. डावं क्षेत्रच गेलं असेल तर माणूस लवकरच मान वळवायला शिकतो. दुर्लक्ष असेल तर डावीकडे काही आहे हेच मनात येत नाही, मग मान वळवण्याचा प्रश्नच येत नाही. भाजी राहते आणि हाकेलाही उजवीकडेच बघत असतील तर दुसरा प्रकार जास्त संभवतो.

ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावा. नियम एकच: लाल दिसेपर्यंत मान फिरवायची, मग घास. वर्तमानपत्राच्या डाव्या समासालाही लाल रेघ. आवडीची गोष्ट डावीकडे ठेवा, पण गरम चहा नाही आणि हाक मारायची घंटाही नाही, त्या दोन्ही उजवीकडे. बोलताना आधी समोर या, मग बोलत बोलत डावीकडे सरका. एकदम डावीकडून हाक मारून उपयोग नाही. गॅसजवळ एकटं सोडू नका.

देशी संडासावर उकिडवं बसणं आत्ता नको. घोटा वाकत नाही, मागे तोल जातो. भांड्यावर ठेवायची लोखंडी कमोड-खुर्ची मिळते, चारही पायांना रबरी टोप्या असलेली, उंची सुमारे १८ इंच. बसल्यावर उजव्या हाताला भिंतीत पक्की बसवलेली दांडी हवी; टॉवेल टांगायची दांडी वजन घेत नाही, निखळते. कडी आतून लावू नका. बाहेर पडताना मागे वळावं लागतं, तेव्हा वळण उजव्या बाजूने होईल अशी खुर्ची ठेवा. आंघोळही स्टुलावर बसूनच, आणि फरशी कोरडी झाल्याशिवाय उठवायचं नाही.

कपडे: पुढून उघडणारा गाऊन किंवा सैल ब्लाउज. घालताना डावा हात आधी, काढताना डावा शेवटी. बाही खांद्यापर्यंत पूर्ण चढवून मगच मागून फिरवा, अर्ध्यावर फिरवली की खांदा मागे ओढला जातो. आईंनी हे स्वतः करावं, दहा मिनिटं लागली तरी.

वारणाकाठ

मूठ अशीच वळत राहिली तर बोटॉक्सचं (ताठ स्नायू सैल करणारं) इंजेक्शन घ्यावं का? डॉक्टर ‘पुढे बघू’ म्हणाले.

न्यूरोफिजिओ_पुणे

‘पुढे बघू’ ठीक आहे, पण कशावरून बघायचं ते ठरवा. तळवा धुता येत नाही, नखं रुततात, किंवा बाही घालताना कोपर उघडत नाही, यापैकी काही झालं तर वाट बघायची नाही. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, महिन्याभरात सगळ्यात जास्त असतो आणि साधारण तीन महिन्यांत ओसरतो. म्हणून इंजेक्शनच्या पहिल्या दोन आठवड्यांतच स्प्लिंट (हात उघडा धरून ठेवणारा आधार) आणि बोटं उघडण्याचा सराव ठरलेला हवा, नाहीतर पैसे वाया. स्नायू ताठ आहे की सांधाच आखडलाय हे आधी तपासून घ्या. आखडलेल्या सांध्यावर या इंजेक्शनचा उपयोग नाही. आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधाचं नाव व डोस डॉक्टरांना आधी सांगा, स्वतःहून ते बंद करू नका.